वैजूताईंचा टेम्पो

वैजूताई कधी पडद्याकडे बघायच्या नाहीत. कोणी आमचा गेम खेळायला बसलं, की त्या शेजारी स्टूल ओढून तिरक्या बसायच्या आणि सरळ त्याच्या तोंडाकडे बघत राहायच्या. मधेच नजर त्याच्या अंगठ्यांवर जायची, परत तोंडावर यायची. नवा माणूस गांगरून जायचा. "माझ्याकडे लक्ष नका देऊ, खेळा तुम्ही," असं त्या म्हणायच्या, आणि ते ऐकून तो आणखीच गांगरायचा.

"माणूस तोंडानं छान आहे म्हणतो गं," त्या मला सांगायच्या, "कारण त्याला आपलं मन मोडायचं नसतं. अंगठ्याला तेवढी रीतभात नसते."

माझी मुलाखतही त्यांनी अशीच घेतली. चित्रांची जाड फाइल मी मांडीवर धरून बसले होते. ती त्यांनी उघडलीसुद्धा नाही. हातात एक जुना फोन दिला आणि म्हणाल्या, "खेळ." मी दर वेळी हरत होते, ओशाळून हसत होते आणि घाम पुसत होते. शेवटी त्यांनी फोन काढून घेतला. "हरलीस की हसतेस. चांगलं आहे. उद्यापासून ये." फाइल मी तशीच परत घरी नेली.

स्टुडिओ नाशिकच्या कॅनडा कॉर्नरला होता, एका शिलाईच्या दुकानाच्या वर. स्टुडिओ म्हणायचं ते आम्हीच, पाटी नव्हती. ताईंनी तो सुरू केला तेव्हा फोनला बटणं होती आणि पडदा काडेपेटीएवढा. त्या वेळी नाशिकमध्ये कोणी गेम बनवतं असं सांगितलं, तर लोक विचारायचे, "म्हणजे कॅरम वगैरे?" ताईंचे वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात होते. पुढच्या पिढीनंही तिथेच चिकटावं अशी घरची अपेक्षा होती. ताईंनी इंजिनिअरिंग केलं आणि एक खोली भाड्यानं घेऊन साप, विटा, चेंडू असले गेम लिहायला लागल्या. सोबत एकच माणूस होता, समीर. तो त्यांच्याहून बराच लहान, पण कोड लिहिण्यात कोणाला हार जायचा नाही. त्या काळी प्रत्येक कंपनीच्या फोनची बटणं वेगळी, पडदे वेगळे, म्हणून एक गेम असंख्य फोनवर चालवून बघावा लागे. ताईंच्या टेबलाचा एक खण त्या फोनांनी गच्च भरलेला असायचा.

मग बटणं गेली. बोटानं चालणारे फोन आले आणि ताईंचं सगळं काम एका मोसमात बंद पडलं. त्या वेळी पुण्याहून, हैदराबादहून समीरला बोलावणी येत होती. तो गेला नाही. ताईंनी परदेशातल्या मोठ्या गेमांसाठी सुटं काम घेतलं: झाडं, पिंपं, तुटक्या भिंती. मी रुजू झाले ती याच दिवसांत. सकाळी येऊन मी पानं काढायची, आणि संध्याकाळी उठले तरी पानंच बाकी असायची. एकदा वैतागून म्हणाले, "ताई, या गेममध्ये कोण या पानांकडे बघणार आहे?" त्या म्हणाल्या, "कोणी नाही. पण दुसऱ्याच्या जंगलात का होईना, हात चालू राहतोय. आपलं रान मिळालं की हात आखडलेला नको."

आमचं रान म्हणजे 'टेम्पो सांभाळ'. डोंगरातून भाताची पोती भरून टेम्पो घोटीच्या बाजारात न्यायचा, एवढाच खेळ. अंगठा दाबून धरला की टेम्पो पळायचा, फोन कलता केला की वळायचा, आणि वळला की पोती घसरायची. ताई आम्हाला सगळ्यांना घोटीला घेऊन गेल्या होत्या. बाजारात भरलेले टेम्पो येताना आम्ही दिवसभर बघत बसलो. परतताना गाडीत समीर एकदम म्हणाला, "पोतं आधी पडत नाही ताई. आधी ते विचार करतं." तो अर्ध्या क्षणाचा विचार त्यानं गेममध्ये आणला. पोतं कडेला येऊन थबकायचं, आणि खेळणाऱ्याचा श्वास अडकायचा.

पहिल्यांदा तो खेळायला ताईंनी खालच्या दुकानातल्या सुनंदाबाईंना वर बोलावलं. त्या घोटीकडच्याच. तिसऱ्या वळणावर सगळी पोती दरीत गेली आणि सुनंदाबाई इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. "अगं बाई, माझ्या भावाचा टेम्पो बी असाच गेलता! लय भारी हाय हे." ताई त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या आणि त्यांचं स्वतःचं तोंड उजळत चाललं होतं.

गेम चालला. लोकांनी तो फुकट घेतला, एकमेकांना दाखवला. तो जास्त लोकांपर्यंत न्यायला बेंगळुरूची एक कंपनी पुढे आली. करार झाला. त्यात एक अट होती: कंपनीला हवी ती नवी आवृत्ती आम्ही वेळेत दिली नाही, तर गेमचा ताबा तिच्याकडे जाईल आणि ती तो दुसऱ्याकडून करून घेईल. सही करताना ती अट कोणाला टोचली नाही. सगळ्यांच्या करारात असते, असं सांगण्यात आलं.

दिवाळीच्या आधी कंपनीनं चाक मागितलं. पोती पडायला आली, की पडद्यावर रंगीत चाक यायचं. ते फिरवलं आणि नशीब असलं, तर पोती वाचायची. पहिल्यांदा चाक फुकट, पुढं पैसे मोजून. धंदा आता असाच चालतो, गेम फुकट द्यायचा आणि माणूस अडला की पैसे घ्यायचे. ताईंना ते आवडलं नव्हतं. पण वर आमची सगळी टीम बसलेली होती, कोणाचं लग्न ठरलेलं, कोणाच्या घरी आजारपण. "हवं त्यानं फिरवावं, नको त्यानं नाही," असं म्हणून त्यांनी होकार दिला.

आवृत्ती पाठवायची त्या शुक्रवारी सकाळी ताईंनी सुनंदाबाईंना पुन्हा वर बोलावलं. कंपनीचा माणूस दुपारी येणार होता. समीरनं फोन हातात दिला आणि आपल्या जागेवर जाऊन बसला.

सुनंदाबाई खेळायला लागल्या. या वेळी त्या हसल्या नाहीत. चाक आलं, त्यांनी फिरवलं. पुन्हा टेम्पो, पुन्हा चाक. खालून गिऱ्हाईक हाका मारत होतं, "सुनंदाबाई, ब्लाउज झाला का?" त्यांना ऐकू गेलं नाही. ताई स्टुलावर पुढं झुकल्या.

"मजा येतेय?" त्यांनी विचारलं.

"मजा नाय ओ," मान वर न करता सुनंदाबाई म्हणाल्या. "पण आता सुटंल, आता सुटंल असं वाटतंय."

ताईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला, तेव्हा कुठे त्या दचकून थांबल्या. उठता उठता म्हणाल्या, "ताई, माझ्या मोबाइलात टाकून द्या ना हे."

"नाही," ताई म्हणाल्या. सुनंदाबाई बिचाऱ्या ओशाळून खाली गेल्या.

ताईंनी आमच्याकडे वळून विचारलं, "तिसरं वळण कोणी बदललं?"

त्या स्टुलावरून उठून उभ्या राहिल्या.

"वळण यायच्या आधीच सुनंदाबाईंचा अंगठा सैल पडत होता. त्यांना कळलंय की तिथं पोती पडणारच. कसाही चालवा, पडणारच. चाक फिरवल्याशिवाय तो टेम्पो घोटीला पोचतच नाही. कोणी केलं हे?"

मी माझ्या पडद्याकडे बघत राहिले. शेजारचा मुकाट्यानं पाण्याची बाटली उघडून बंद करत होता. समीरची पाठ आमच्याकडे होती. ती हलली नाही. ताईंनी उत्तराची बरीच वाट बघितली, मग खुर्चीत जाऊन बसल्या. दुपारी कोणी डबा उघडला नाही.

कंपनीचा माणूस आला तो हसतमुख, तिशीतला, फार अदबीनं बोलणारा. मिठाईचा बॉक्स घेऊन आला होता. आवृत्ती समीरच्या मशिनवर तयार होती. पाठवायला ताईंचा पासवर्ड लागायचा. ताईंनी त्याला खुर्ची दिली, हातात फोन दिला.

"आधी खेळा."

तो हसला. "मॅम, मैं हमारे गेम्स खेलता नहीं."

"का?"

"टाइम बहुत जाता है."

खोलीत कोणीतरी नकळत हसलं आणि लगेच गप्प झालं. ताई हसल्या नाहीत. "तिसरं वळण पहिल्यासारखं करून देते," त्या म्हणाल्या. "चाक राहू दे. पण चांगला चालवणारा त्याच्याशिवाय पोचला पाहिजे."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं. "फिर व्हील कौन घुमाएगा, मॅम?" मग त्यानं करारातली ती अट शांतपणे सांगितली. संध्याकाळी ऑफिस सुटेपर्यंत वेळ आहे, आणि टीमचा विचार करा, असंही म्हणाला. बोलताना त्यानं आमच्या सगळ्यांवरून नजर फिरवली.

ताईंनीही आमच्याकडे बघितलं. एकेकाकडे, नीट. आमच्यापैकी निम्म्यांना त्यांनी पासवर्ड टाकावा असं वाटत होतं, आणि ते त्यांना दिसत होतंच. मला वाटलं, आता त्या उठतील आणि समीरच्या मशिनपाशी जातील. त्या उठल्या. मिठाईचा बॉक्स उचलून त्याच्या हातात परत दिला.

"गेम तुमचा," त्या म्हणाल्या. "आमच्या हातून हे होणार नाही."

तो गेल्यावर त्या आमच्याकडे वळल्या. "तुमच्यासाठी जागा मी शोधीन. रागावलात तरी चालेल."

त्यांनी शोधल्या. दिवसच्या दिवस फोन करून एकेकाला कुठे ना कुठे लावून दिलं. मला पुण्यात. समीरसाठी फोन करावा लागला नाही. तो त्या कंपनीतच गेला, टेम्पोच्या मागोमाग. दिवाळीत चाकासकट गेम आला आणि पूर्वीपेक्षा जोरात चालला. थोडंफार सुटं काम करत ताईंनी स्टुडिओ वर्षभर ओढला, आणि मग धाकट्या बहिणीकडे कोल्हापूरला जायचं ठरवलं.

जागा रिकामी करायच्या दिवशी मी पुण्याहून गेले. सकाळची वेळ होती. सामान जवळजवळ सगळं खाली गेलं होतं, ताईंचं जड टेबल तेवढं राहिलं होतं. आम्ही दोघी ते कसं उचलायचं बघत होतो, तेवढ्यात दारात समीर दिसला. तो येणार आहे हे कोणाला माहीत नव्हतं. दाढी वाढलेली, हातात गाडीची किल्ली. कोणी 'ये' म्हटलं नाही आणि कोणी 'का आलास' म्हटलं नाही. तो आत आला आणि त्यानं टेबलाची एक बाजू धरली. दुसरी ताईंनी धरली. मी मधे आधार दिला.

जिन्याच्या वळणावर टेबल अडकलं. समीर खालच्या पायरीवर होता, ताई वरच्या. त्याला मान वर करता येत नव्हती, की त्यानं केली नाही, कोण जाणे.

"ताई," तो म्हणाला, "ते तिसरं वळण मीच बदललं होतं."

"माहीत आहे."

"तेव्हापासून?"

"तेव्हापासून. तसं वळण दुसऱ्या कोणाला जमतं?"

खाली सुनंदाबाईंच्या मशिनची घरघर ऐकू येत होती. ओझ्यानं समीरची पकड सुटत चालली होती.

"राग आहे का अजून?"

"आहे," ताई म्हणाल्या. मग त्यांनी आपल्याकडची बाजू छातीशी ओढून धरली आणि सगळा भार स्वतःवर घेतला. "तू हात बदलून घे. घाई नाही."