काय केलं ते बोला

व्याकरणाच्या बाईंचं डोकं फिरलं की फळासुद्धा पांढरा पडतो, असं मुलं म्हणत. त्यांच्या वर्गाचा एक कडक रिवाज होता. फळ्यावर डावीकडे ज्याच्याविषयी बोलायचं तो, म्हणजे उद्देश्य. उजवीकडे त्याच्याविषयी जे सांगायचं ते, म्हणजे विधेय. मात्र माणसाविषयी 'ढ आहे', 'चोर आहे' असलं विधेय चालत नसे. त्यानं काय केलं ते लिहायचं, खरं की खोटं ते तपासता आलं पाहिजे. नवरा यांना 'तू चांगली आहेस' म्हणायलाही टरकत असेल, अशी शिक्षकखोलीत चेष्टा चाले. बाई तिकडे काणाडोळा करत.

त्या दिवशी मुख्याध्यापकांनी बाईंनाही आपल्या खोलीत बोलावलं होतं. तिसरीतल्या एका मुलीला शाळेतून काढायचं घाटत होतं. तिची आई, लोकांचे कपडे शिवणारी, कोपऱ्यातल्या खुर्चीत अंग चोरून बसली होती.

"मुलगी आक्रमक आहे," मुख्याध्यापक म्हणाले.

"द्वाड आहे. वळणच नाही," खेळाच्या सरांनी री ओढली.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "शिक्के मारणं पुरे! केलं काय तिनं?"

"मला चावली." सरांनी मनगट पुढं केलं. "दार उघडलं तशी अंगावरच आली."

"कुठलं दार?"

सर गडबडले. "साहित्याच्या खोलीचं."

"ते लावलं कोणी?"

"अहो, रांगेत बडबडत होती. जरा शिस्त लागावी म्हणून..."

"अंधारात कोंडलंत तिला?"

सरांनी मनगट मागं घेतलं. मुख्याध्यापक घाईनं मध्ये पडले, "बाई, सर जरा कडक आहेत, एवढंच."

"पुन्हा 'आहेत'!" बाईंनी टेबलावर हात आपटला. "एवढ्याशा पोरीला आक्रमक म्हणताना जीभ अडखळली नाही, आणि आता..."

"मी मारलं तिला."

कोपऱ्यातली आई बोलत होती, फरशीकडे बघत. "काल शाळेतून निरोप आला, मुलगी आक्रमक आहे म्हणून. मी विचारलंच नाही काही. शिवणाच्या पट्टीनं मारलं. ती दाराचं काहीतरी सांगत होती."

संतापानं बाईंना रडू फुटायचंच बाकी राहिलं. त्या मुख्याध्यापकांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"सरांनी काय केलं, ते तुमच्या तोंडानं सांगा. यांना."

मुख्याध्यापक बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "कोंडलं," ते पुटपुटले.

"कोणाला?"

"तुमच्या मुलीला, ताई. ती शाळेतच राहील."

आई उठली.

"तीच आता यायला नको म्हणतेय," ती म्हणाली.