मालिकेत नसलेल्या गोजरबाई

गवारीच्या शेंगा निम्म्या मोडून झाल्या होत्या, तेवढ्यात गोजरबाई आणि त्यांची नात श्रेया दारात उभ्या. गोजरबाई आमच्या मागच्या गल्लीत राहतात. सव्वीस वर्षं त्यांनी एका मोठ्या दवाखान्याच्या अपघात विभागात मावशी म्हणून काम केलं. म्हणजे ट्रॉली ओढायची, रक्त पुसायचं, पेशंटला उचलायला हात लावायचा. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. त्या आत आल्या, सुपाजवळ बसल्या, उरलेल्या शेंगा न विचारता पुढ्यात ओढल्या आणि म्हणाल्या, "टीव्ही लावा, ताई. आमच्या बाईसाहेबांना नर्स व्हायचंय."

"अरे वा! कुणी सुचवलं?"

"मालिकेनं. अन् तुम्ही."

मालिका दवाखान्याच्या कॅज्युअल्टीतली होती. एका सीझनचे वीस भाग. श्रेयाची बारावी नुकतीच झालेली. तिनं मैत्रिणीच्या मोबाइलवर दोन भाग पाहिले आणि बी.एस्सी.चा बेत सोडून नर्सिंगचं मनावर घेतलं. माझा गुन्हा एवढाच की मी तिला म्हटलं होतं, रुग्णसेवा ही देवपूजाच. बोलायला सोपं असतं. तिचे वडील इंद्रजीत शेंद्र्याला कंपनीत आहेत. त्यांनी हात वर केले होते, "आई म्हणंल तसं." म्हणजे पोरीचं सगळं आता आजीच्या एका शब्दावर आलं होतं आणि फॉर्मला जेमतेम तीन आठवडे उरले होते.

आजीनं अट घातली होती. "वीसच्या वीस भाग माझ्यासंगं बघायचे. खोटं काय ते मी सांगीन. शेवटी बी तुझं मन तेच म्हणलं, तर बघू." त्यांच्या टीव्हीवर ते ॲप नव्हतं, माझ्याकडं पुण्याच्या मुलानं घालून दिलेलं होतं. तेव्हा सोमवारपासून रोज संध्याकाळी पाचला माझी बैठकीची खोली म्हणजे कॅज्युअल्टी झाली. मी देवापुढचा हरिपाठ साडेचारलाच उरकायला लागले. माझ्या रोजच्या वहीत त्या दिवसांत दुसरं काही सापडत नाही, नुसत्या गोजरबाई.

पडद्यावर ॲम्ब्युलन्स यायची, दार धाडकन उघडायचं, देखणा डॉक्टर पळायचा. श्रेया गुडघे पोटाशी घेऊन बघायची. गोजरबाई मात्र भलतीकडंच बघत.

"थांबवा," त्या दुसऱ्याच दिवशी म्हणाल्या. "एवढी माणसं आली बसच्या अपघातातली. एकाची तरी चप्पल दिसली का?"

"आजी, चपलेचं काय मधीच!"

"मधीच नाय. माणूस आत येतं तवा एक चप्पल पायात अन् एक गायब. घरची माणसं बाहेर येड्यासारखी बसलेली असत्यात. त्यांना डॉक्टरचं काय कळत नाय. म्हणत्यात, मावशी, त्यांची चप्पल कुठंय? मग म्या ट्रॉलीखाली बघायचं, फाटकापर्यंत जायचं. दोन्ही चपला हातात दिल्या की जरा दम खात्यात."

मी विचारलं, "आणि माणूस गेला असला तर?"

"तरी बी द्यायच्या."

अशा त्या. मूळच्या पाचोडच्या. नवरा लवकर गेला, इंद्रजीत तेव्हा आठवीत. दवाखान्यात आधी बदलीवर लागल्या, सात वर्षांनी कायम झाल्या. शिक्षण तिसरी. तरी माणूस बेशुद्ध आहे की सोंग करतो, हे पापणीवरून सांगत. चक्कर आलेल्या बाईच्या तोंडावर पाणी मारणाऱ्या नातेवाइकाला त्या खांद्याला धरून बाहेर काढत. अजूनही रस्त्यावरून ॲम्ब्युलन्स गेली की बोलता बोलता थांबतात. आवाज वळला, की मगच पुढचं वाक्य.

सहाव्या भागापर्यंत श्रेयालाही नाद लागला होता. "आजी, हे खरं का?" म्हणून तीच भाग थांबवायची. डॉक्टर आणि नर्स जिन्यात उभं राहून प्रेमाचं बोलायला लागले की गोजरबाई म्हणत, "जिन्यात? आमच्या जिन्यात नातेवाईक झोपलेले असायचे. कुणाच्या अंगावर पाय देऊन बोलत्यात ही?" आम्ही पोट धरून हसायचो. मला वाटायला लागलं, या बाई होकार देणार. एक गोष्ट मात्र त्या रोज हळू आवाजात विचारत, "आज तरी आली का मावशी?" बारा भागांत मावशी दोनदाच दिसली, तीही पाठमोरी, फरशी पुसताना.

बाराव्या भागाचा दिवस श्रावणातला शुक्रवार होता. सकाळी अंगणात पाणी सांडलं होतं, तुळशीला हळदकुंकू वाहून वळले आणि घसरले. डाव्या हातावर भार आला. मनगट लगेच सुजलं. पण जिवतीची पूजा राहिली होती, पुरण शिजायचं होतं, संध्याकाळी सवाष्णी यायच्या होत्या. आमचे हे पैठणला गेलेले. मी हळद लावून फडकं बांधलं आणि कामाला लागले. हातात हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. पूजेच्या दिवशी, त्यात शुक्रवारी, सवाष्णीनं हात मोकळा करायचा? मी ठरवलं, उद्या बघू.

पाचला दोघी आल्या तेव्हा बांगड्या मांसात रुतल्या होत्या. श्रेया किंचाळलीच, "काकू! रक्तपुरवठा बंद होईल! कात्री कुठंय? बोटं काळी पडतील!" मालिकेतलं जसंच्या तसं. मी हात पदराखाली घेतला. म्हटलं, शुक्रवारी नाही, काही झालं तरी नाही.

गोजरबाई उठल्या. देवघरात जाऊन पांढऱ्या दोऱ्याचं रीळ आणि हळदीची वाटी घेऊन आल्या. दोरा हळदीत भिजवला, माझ्या सुजलेल्या मनगटाच्या वर, कोपराकडं सैलसर बांधला आणि म्हणाल्या, "घ्या. आता हात रिकामा नाय." मग साबणाचा फेस करून एकेक बांगडी फिरवत काढायला लागल्या. दुखत होतं. माझं लक्ष तिकडं नको म्हणून बोलत राहिल्या.

"मी नवीन होते तवाची गोष्ट. नवराबायको मोटरसायकलवरून पडलेले. बाईचा हात असाच सुजला. डॉक्टर म्हणले, काढा बांगड्या. म्या कात्री घातली, कटाकट. बाई शुद्धीवर आली, हाताकडं बघितलं अन् जी वरडली... तिला वाटलं, नवरा गेला. अन् तो शेजारच्याच खाटंवर, डोक्याला टाके घालून घेत होता. पडदा ओढलेला. तिला सांगून पटंना. शेवटी म्या त्याची खाट ओढत आणली तिच्यापुढं. तवापासून हळदीचा दोरा माझ्या खिशात. आधी दोरा, मग बांगडी."

शेवटच्या दोन निघेनात, त्या फडक्यात धरून वाढवाव्या लागल्या. मला रडू आलं नाही. श्रेया कात्री हातात घेऊन तशीच उभी होती.

सवाष्णींना निरोप धाडला आणि फारूखभाईंच्या रिक्षानं हाडाच्या डॉक्टरकडं गेलो. दिवसभराचा उपास, दुखणं. पायऱ्यांवरच मला घेरी आली. श्रेयानं मला धरलं आणि आत बघून ओरडली, "ए मावशी! खुर्ची आण ना लवकर! दिसत नाय का?"

पिकल्या केसांची एक बाई चाकांची खुर्ची ढकलत आली. माझ्या खांद्यावरचा गोजरबाईंचा हात निघाला, तो पुन्हा आला नाही.

मनगटाचं हाड मोडलं होतं. सकाळपासून काय करत होता, म्हणून डॉक्टर मला रागावले, ते बरोबरच होतं. प्लॅस्टर घालून रिक्षात बसलो. फारूखभाई म्हणाले, "भाभी, गड्ढे देखके हल्लू चलाता हूँ."

मग गोजरबाई माझ्याकडं बघून म्हणाल्या, "रक्ताला भिईल म्हणून मी हिला नको म्हणत नव्हते, ताई. सव्वीस वर्षांत मला कुणी नावानं हाक मारली नाय. डॉक्टरांची मावशी, सिस्टरांची 'ए मावशी'. माझ्या लेकापेक्षा ल्हान पोरी. नाव फक्त हजेरीच्या रजिस्टरात. माझ्याच घरची पोरगी तसली हाक मारंल, ते मला बघायचं नव्हतं. आज बघितलं."

"आजी, काकूंना घेरी आली होती म्हणून..."

"व्हय. त्या सगळ्याजणींना बी घाईच असायची."

दुसऱ्या दिवशी पाच वाजले, साडेपाच वाजले. कुणी आलं नाही. रविवारीही नाही. तेरावा भाग तसाच राहिला. मी एकटीनं लावला नाही. हरिपाठ सावकाश म्हणायला वेळ होता, पण मन लागेना. आठ वर्षं आमच्याकडं भांडी घासायला येणाऱ्या बाईंना मीही नुसतं "बाई"च म्हणते. सोमवारी त्यांना नाव विचारलं. त्या बावरल्या, काही चुकलं का म्हणाल्या. मनकर्णाबाई. मला लाज वाटली, वहीत ते नाव लिहून ठेवलं.

शुक्रवारी प्लॅस्टर दाखवायला जायचं होतं. श्रेया एकटीच आली. "काकू, मी येते सोबत."

दवाखान्यात मला बाकावर बसवून ती थेट त्या पिकल्या केसांच्या बाईकडं गेली. मला सगळं ऐकू येत होतं.

"मागच्या शुक्रवारी मी तुमच्यावर ओरडले होते. चुकलं माझं."

बाई तिच्याकडं बघत राहिल्या. "कोणता शुक्रवार, बाळा? रोज पन्नास जण वरडत्यात. कुठं ध्यानात ठेवू?"

श्रेयाचा चेहरा उतरला. रागावल्या असत्या तर तिला सोपं गेलं असतं. ती तिथंच घुटमळली. तेवढ्यात एका म्हाताऱ्या गृहस्थांना खुर्चीतून टेबलावर घ्यायचं होतं. बाई म्हणाल्या, "उभीच आहेस तर हात लाव. तसा दंड धरून वढू नको, कमरंखाली हात घाल. हां." दोघींनी त्यांना उचललं.

संध्याकाळी पाचला गोजरबाई आल्या, श्रेया मागं. मी रिमोट घेतला तर म्हणाल्या, "राहू द्या." मग श्रेयाच म्हणाली, "आजी, त्यांचं नाव वच्छलाबाई. खुलताबादहून रोज बसनं येतात. आणि त्यांना माझं ओरडणं आठवतसुद्धा नव्हतं."

"कसं आठवंल," गोजरबाई म्हणाल्या. "आठवून कुणाला काम करता येतंय का?" मग विचारलं, "कुणी सांगितलं तुला नाव विचारायला? काकूंनी?"

"कुणी नाय."

"एक दिवस विचारलं म्हणजे लई मोठं नाय झालं. पांढरे कपडे चढले की सहा महिन्यांत विसरशील."

"मग तू येऊन आठवण करून दे."

"येईन की. ड्युटीवर येऊन बसीन. सगळ्यांसमोर विचारीन, सिस्टर, या मावशीचं नाव काय?" त्या हसल्या नाहीत, पण पदराचं टोक दातात धरलं होतं. मग माझ्याकडं वळल्या. "ताई, त्या फॉर्माला काय काय लागतंय, तुमच्या वहीत उतरवून द्या. पोरीचं अक्षर मला लागत नाय."

उजवा हात चांगला होता. मी उतरवून दिलं. बाकीचे कागद घरात आहेत, टी.सी. तेवढा राहिलाय. उद्या साडेदहाला गोजरबाई श्रेयाच्या कॉलेजात जाऊन तो काढून आणणार आहेत.