लागला म्हणायचं कुणी

मुलीमुळे मी त्यात पडले. ती तेव्हा अकरावीत होती आणि एका मैत्रिणीबरोबर दुबईतल्या अल कूझमधल्या एका गोडाऊनमध्ये दर शनिवारी सकाळी तलवारबाजीला जायला लागली होती. ऑलिंपिकमध्ये दिसते तसली ती तलवारबाजी नव्हे. तिथे लोक मध्ययुगातल्या सैनिकांसारखं चिलखत घालत, डोक्यावर लोखंडी हेल्मेट चढवत, ढाल-तलवार घेत आणि समोरच्याशी खरोखर लढत. तलवार तेवढी वेताची असायची, वर चिकटपट्टी गुंडाळलेली. पण वेत जाडजूड, आणि मारणारा हात राखून मारत नसे.

मी तिला सोडायला जायची आणि परत जाऊन पुन्हा येण्यापेक्षा तिथेच प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून राहायची. तिसऱ्या शनिवारी ती गाडीत म्हणाली, "ममा, इट्स नॉट माय थिंग." मी बरं म्हटलं. पुढच्या शनिवारी मात्र मी एकटीच गेले. नवऱ्याला सांगितलं, जिमला जाते.

तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते. जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत क्वांटिटी सर्व्हेयर. दिवसभर इमारतींच्या काचा आणि ॲल्युमिनियम मोजायचं, कन्सल्टंटशी ईमेलवर भांडायचं, संध्याकाळी घरी येऊन कुकर लावायचा. आयुष्यात कुणाला थप्पडसुद्धा मारलेली नव्हती.

ग्रुप सुरू केला होता एका आयरिश गृहस्थांनी. दुबईतल्या एका शाळेत ते वर्षानुवर्षं इतिहास शिकवत होते. उंच, किंचित वाकलेले, पांढरी दाढी. मी एकटी आलेली बघून त्यांनी काही विचारलं नाही. एक जादा हेल्मेट आणून माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "बघून बघून कंटाळला असाल."

त्यांचा नियम एकच होता, आणि तो समजायला सोपा होता. घाव लागला की नाही, हे ज्याला लागला त्यानं सांगायचं. पंच नाही, गुण नाहीत. हातावर लागला तर तो हात पाठीमागे घ्यायचा, पायावर लागला तर गुडघ्यावर बसून लढायचं, डोक्यावर किंवा छातीवर जोराचा बसला तर आडवं व्हायचं. नुसता चाटून गेलेला वार धरायचा नाही. पण चाटून गेला की बसला, हे आतल्या माणसानंच ठरवायचं. बाजूला उभे असलेले लोक फक्त कुणाला इजा होत नाही ना, एवढंच बघत. लढत सुरू करताना ते "यल्ला" म्हणायचे आणि थांबवताना "खलास". एवढीच अरबी त्यांना येते, असं ते स्वतःच सांगायचे.

पहिल्याच दिवशी माझ्या हेल्मेटवर एक वार असा बसला, की देवळातली घंटा कुणी माझ्या कवटीत वाजवावी. "आई गं," म्हणत मी आडवी झाले. समोरच्या माणसानं घाईघाईनं ढाल टाकली, हेल्मेट काढलं, तर आत एक बाई. माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान. "ताई, मराठी काय तुम्ही?" तिनं विचारलं.

ती अबुधाबीत दातांची डॉक्टर होती. मूळची रत्नागिरीकडची, दाभोळच्या खाडीवरच्या गावची. वडील आयुष्यभर इकडे बोटींवर काम करून म्हातारपणी गावी परतले होते. ती मात्र इथेच जन्मली, इथेच वाढली, आणि आई तिच्याजवळच राहिली होती. दर शनिवारी दीड तास गाडी चालवत यायची. महिनाभरात ती मला अगं-तुगं करायला लागली. लढून झालं की आम्ही दोघी घामानं निथळत गोडाऊनच्या बाहेर सावलीत बसायचो आणि तिच्या आईनं बांधून दिलेल्या सांदणांचा फडशा पाडायचो. त्या आयरिश गृहस्थांना आम्ही आपसात मास्तर म्हणायचो. दुसरं काही त्यांना शोभलंच नसतं.

चिलखताच्या आत घालायला जाड टाके घातलेला अंगरखा लागतो. मी करामा भागातल्या एका शिंप्याकडून गोधडीसारखा शिवून घेतला, नाड्यांचा, आपल्याकडच्या बाराबंदीच्या कापाचा. त्यावरून व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद पेटला. एक जण म्हणाला, आपला ग्रुप युरोपचा, हे चालणार नाही. दुसऱ्यानं लिहिलं, मग तुझे बूट चायना मेड आहेत त्याचं काय. कोणतं शतक, कोणता पुरावा, कापड कसलं. शेवटी मास्तरांनी लिहिलं, "युरोपात लोक लढत होते तेव्हा देवगिरीतही लढतच होते. बाईंना घालू द्या." देवगिरी त्यांना कशी माहीत, हे विचारायचं माझं राहूनच गेलं.

असे वाद सतत चालायचे आणि मिटायचे. नंतरचा मिटला नाही.

एका बँकेत काम करणारा एक माणूस ग्रुपमध्ये आला. तिशीतला, ताकदवान, पूर्वी दुसऱ्या देशात लोखंडी तलवारींनी लढलेला. त्याला हे वेताचं प्रकरण मुळात पोरकट वाटायचं, पण दुबईत दुसरा ग्रुप नव्हता. एका शनिवारी त्याची आणि माझ्या मैत्रिणीची लढत लागली. मी कडेलाच उभी होते. तिनं ढाल खाली असल्याचं भासवलं, तो पुढे आला आणि तिनं वरून त्याच्या हेल्मेटवर वार केला. तो आवाज अख्ख्या गोडाऊननं ऐकला. पलीकडे पाणी पिणाऱ्या लोकांनी माना वळवल्या.

तो उभाच राहिला. "लाइट," म्हणाला, म्हणजे नुसता चाटून गेला, आणि पुढच्या क्षणी तिच्या बरगड्यांवर मारलं.

ती आडवी झाली. तिला लागलंच होतं, आणि नियम नियम होता.

हेल्मेट काढून ती सरळ मास्तरांकडे गेली. "सर, तुम्ही बघितलंत."

"बघितलं," ते म्हणाले.

"मग?"

"मी त्या हेल्मेटच्या आत नव्हतो. त्याचं त्यानं ठरवायचं."

"आणि तो खोटं बोलला तर?"

मास्तरांनी हातातला वेत भिंतीला टेकवून ठेवला. मग म्हणाले, "तर ते त्याच्याजवळ राहील."

तिनं मान हलवली आणि निघून गेली. त्या दिवशी डबा उघडलाच नाही.

त्यानंतर बँकवाल्यानं उघडच प्रस्ताव मांडला. वेत सोडू, लोखंडी हत्यारं घेऊ, बोथट धारेची. तीन पंच ठेवू, गुण मोजू, बाहेरच्या स्पर्धांना जाऊ. मला वाटलं होतं, माझी मैत्रीण त्याला उभा चिरेल. तिनं सगळ्यांत आधी त्याला पाठिंबा दिला.

मी तिला फोन केला. "अगं, त्याच माणसानं तुला फसवलं ना?"

"म्हणून तर," ती म्हणाली. "माझं भांडण त्याच्याशी नाही, ताई. ज्या नियमात त्याला खोटं बोलता येतं, त्या नियमाशी आहे."

"पण मग आपल्यात आणि फुटबॉलमध्ये फरक काय राहिला? आपलं आपण कबूल करायचं, हेच तर आहे यात."

"तुझं ठीक आहे. तू कबूल करतेस, समोरचाही तुझ्याशी नीट वागतो. मी पंचवीस वर्षांची असल्यापासून ऐकतेय, 'तुला वाटतंय तसं काही झालंच नाही.' क्लिनिकमध्ये तेच, घरी तेच. इथे तरी तिसऱ्या कुणीतरी बघून सांगू दे, की हो, तिनं मारलं."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. तरी मी मास्तरांच्या बाजूला राहिले, कारण मला तो खेळ त्यांच्या नियमासकट आवडला होता. ऑफिसात प्रत्येक मापाला तीन सह्या लागायच्या. शनिवारी सकाळी माझा शब्द पुरायचा. त्या सुखासाठी मी तिथे जात होते, आणि ते कुणाला समजावून सांगण्यासारखंही नव्हतं.

व्हॉट्सॲपवर महिनाभर रण माजलं. इन्शुरन्स, गोडाऊनचं भाडं, बायकांनी पुरुषांशी लोखंडानं लढावं का, खरं मध्ययुग कोणतं. तिनं आणि मी एकमेकींना उद्देशून एक वाक्यही लिहिलं नाही. पण तिनं काही लिहिलं की त्याखाली माझ्या बाजूचे लोक तुटून पडायचे, मी लिहिलं की तिच्या बाजूचे. हळूहळू आम्ही एकमेकींशी बोलताना शब्द जपून वापरायला लागलो, आणि मग बोलणंच कमी झालं. पुढे मतदान झालं. बहुसंख्य लोक लोखंडाकडे गेले. त्यांनी शारजात दुसरी जागा घेतली. आम्ही मूठभर मागे राहिलो.

त्याच वर्षी मास्तरांची नोकरी संपली. शाळेनं मुदत वाढवली नाही. इथे नोकरी संपली की व्हिसा संपतो, आणि व्हिसा संपला की माणूस सामान आवरतो. यात कुणाला नवल वाटत नाही. आपणही कधीतरी असेच जाणार, हे धरूनच इथे सगळे राहतात. त्यांनी दोन्ही बाजूंच्या लोकांना एकच निरोप पाठवला. शेवटच्या शनिवारी या, वेत मी आणतो, जुन्या नियमानं एकेक लढत खेळू.

आम्ही मागे राहिलेले सगळे गेलो. शारजाकडून दोघंच आले, त्यांत बँकवाला होता. माझी मैत्रीण आली नाही. पहाटेपासून अबुधाबीच्या रस्त्यावर दाट धुकं होतं, गाड्या एकमेकींवर आदळल्या होत्या, पोलिसांनी वाहतूक अडवली होती. हे मला दुपारी बातम्यांत कळलं. सकाळी मात्र मी आणि मास्तर, दोघंही धरून चाललो होतो की ती मुद्दामच आली नाही. ते दाराकडे बघत राहिले आणि एकदा मला म्हणाले, "तुमच्या मैत्रिणीचा तो वार फार सुंदर होता. मी तेव्हा तिला हे सांगायला हवं होतं. नियम न मोडताही सांगता आलं असतं."

बँकवाल्याशी ते स्वतः लढले. चार-पाच वारांतच त्यांनी त्याला छातीवर गाठलं. तो लगेच आडवा झाला. त्याला खरंच लागला होता की त्यानं त्यांच्या म्हातारपणाची दया केली, हे आम्हां कुणाला कळलं नाही. मास्तरांनाही कळलं नसावं. हात देऊन त्याला उठवताना ते नीट हसले नाहीत.

तिच्या वाराबद्दलचं मास्तरांचं ते बोलणं मी मैत्रिणीला मेसेज करून कळवलं. तिनं लिहिलं, "मी रस्त्यात साडेतीन तास अडकले होते." एवढंच. मी फोन करायला हवा होता, असं नंतर पुष्कळदा वाटलं. तिलाही करता आला असता.

मास्तर गेल्यावर आमचा ग्रुप वर्षभरही टिकला नाही. कुणाची बदली झाली, कुणाला मूल झालं, गोडाऊन सोडावं लागलं. माझं चिलखत बेडरूमच्या कपाटात गेलं.

मग कधीतरी ग्रुपमधल्या एकाकडून सहज कळलं, की तिचा अंगठा मोडला. स्पर्धेत, लोखंडी कुऱ्हाडीच्या दांड्यानं. उजव्या हाताचा. दोनदा ऑपरेशन झालं होतं, आणि ही बातमी मला मिळेपर्यंत अर्धं वर्ष उलटून गेलं होतं. दातांच्या डॉक्टरला उजवा अंगठा म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको होतं. मी त्याच शुक्रवारी अबुधाबीला गेले.

ती बारीक झाली होती. अंगठा वाकत होता, पण पूर्ण नाही. दाढांची बारीक कामं आता तिची सहकारी करायची. ही तपासणी करायची आणि क्लिनिकचा कारभार बघायची. तिच्या आईनं चहा आणला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तू असतीस बरोबर, तर तिला आवरलं असतंस." मी मान खाली घातली.

"कसली आवरतेय ती मला," मैत्रीण म्हणाली. आई आत गेल्यावर तिनं विचारलं, "मास्तरांना कळवलंस?"

"नाही."

"नको कळवू. त्यांना वाटेल, आपलंच बरोबर होतं."

"तुला नाही वाटत?"

"नाही. पंचांनी हा अंगठ्यावरचा घाव बरोबर धरला, ताई. तिघांनीही. मला तेच हवं होतं." मग ती अंगठ्याकडे बघत राहिली. "पण त्या शनिवारी मी धुक्यातून परत फिरायला नको होतं. रस्ता अकराला सुटला होता. मी तरी घरी गेले."

मी तिला म्हटलं, की अकराला आम्ही तिथेच होतो. मास्तर दुपारपर्यंत थांबले होते.

कपात चहा निवत होता. बराच वेळ आम्ही दोघी बसून राहिलो, जशा एकेकाळी लढून दमल्यावर बसायचो, फक्त आता दोघींपैकी कुणीही दमलेलं नव्हतं. निघताना तिनं खालपर्यंत येऊन गाडीचं दार लावून दिलं, डाव्या हातानं.

अजूनही आम्ही फोनवर बोलतो. ईदला, दिवाळीला, तिच्या आईचं काही दुखलं-खुपलं तर. बोलणं नीट होतं, प्रेमाचं होतं. मुलगी कॅनडाला गेली, नवऱ्याची नोकरी आणखी दोनेक वर्षं आहे, मग आम्हीही परत जाऊ. लढण्याचा विषय ती काढत नाही आणि मीही काढत नाही. तो काढल्याशिवाय आमची ओळख कशी झाली, हे मात्र कुणाला सांगता येत नाही.