मला न विचारलेला शब्द

"बोला, उलटं बोला!" म्हणत आमचे इंग्रजीचे सर समोरच्याच्या छातीवर बोट रोखायचे. समोर विद्यार्थी असो, पोस्टमन असो, नाहीतर खुद्द हेडमास्तर. इंग्रजी शब्द त्यांचा, विरुद्ध अर्थाचा शब्द तुमचा. असा छंदी माणूस तुमच्याही गावात एखादा असेल. आमच्या देवळीतला जरा जास्तच होता.

मी त्यांच्याच शाळेत गणित शिकवायचो. दहा वर्षं आम्ही सायकलीवर सोबत जायचो-यायचो. वाऱ्याविरुद्ध पायडल मारताना माझा जीव मेटाकुटीला यायचा आणि हा गृहस्थ विचारायचा, "स्ट्रेंग्थ?" धापा टाकत मी "वीकनेस" म्हणायचो. तेवढ्यानं ते खूश.

बसस्टँडवर चहावाल्या मावशींच्या टपरीला टेकवून त्यांनी एक फळा ठेवला होता. रोज सकाळी त्यावर पाच शब्द लिहायचे आणि संध्याकाळी त्यांचे उलटे शब्द. मावशींनी शाळेची पायरी कधी चढली नव्हती, पण सर त्यांनाही सोडत नसत. मावशी चुकल्या की त्या दिवसाचा चहा फुकट.

नव्वदीतली गोष्ट. दहावीचा इंग्रजीचा पेपर झाला. विरुद्धार्थी शब्दांच्या प्रश्नातले पाचपैकी चार शब्द त्याच सकाळी सरांच्या फळ्यावर होते. पेपर फुटला म्हणून कुणीतरी तक्रार केली आणि तिसऱ्या दिवशी वर्ध्याहून चौकशी अधिकारी आले. सरांची नोकरी जायची वेळ आली.

हेडमास्तरांच्या खोलीत मला बोलावलं. सर भिंतीशी उभे होते, घामानं भिजलेले.

"तुम्ही रोज यांच्यासोबत असता," अधिकारी म्हणाले. "यांनी पेपर आधी पाहिला नव्हता, याची तुम्हाला खात्री आहे?"

पेपरच्या आदल्या दिवशी सर अर्धी रजा टाकून एकटेच वर्ध्याला गेले होते. कशाला, ते मला सांगितलं नव्हतं. नेमकं तेच तेव्हा डोक्यात आलं आणि मी थांबलो. मग म्हणालो, "हो, आहे." पण तोवर सरांनी माझ्याकडे पाहिलं होतं.

वर्ध्याला ते बायकोचा चष्मा आणायला गेले होते. हे मला नंतर कळलं.

अधिकारी तिथून टपरीवर गेले. मागोमाग आम्ही दोघं. अधिकाऱ्यांनी पेपरातला एक शब्द मावशींना विचारला, "अरायव्हल?"

"डिपार्चर," उकळत्या चहावरची नजर न काढता मावशी म्हणाल्या.

"हे कधी शिकवलं तुम्हाला?"

"दिवाळीपासून चारदा पुसलं मले, बापा! तेच ते शब्द लिहून राह्यला हा मास्तर. माह्या डोक्याचा भुगा केला!"

पेपरातले बाकीचे शब्दही त्यांना पाठ होते. अधिकारी हसले, चहा प्यायले आणि तक्रार निकालात निघाली.

सर पुन्हा गावभर बोट रोखत फिरू लागले. माझ्यासोबत सायकलीवरही यायचे, पावसापाण्याचं बोलायचे. पण शब्द? मला एकही नाही. सात वर्षं.

सर आता नाहीत. त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी शाळेच्या फाटकाशी मी धीर करून विचारलं होतं, "सर, मले काऊन नाई पुसत तुम्ही?"

ते रागावले नाहीत. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुम्हाले उत्तर द्याले लय वेळ लागते, सर."

माफी मागायला मी तोंड उघडलं, तोवर त्यांनी सायकलवर टांग टाकली होती.