पडलेल्या सिनेमांचे मामा

पडलेल्या सिनेमांवर आमच्या मामांइतकं प्रेम साऱ्या मराठवाड्यात कुणी केलं नसेल. ते सिनेमे काढणाऱ्यांनीसुद्धा नाही. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. परतूरच्या एका जिनिंगमध्ये त्यांनी जन्मभर वजनकाट्यावर कापूस तोलला आणि उरलेल्या वेळात जुन्या सिनेमांची पोस्टरं जमवली. आत्या त्याला नाद म्हणते. मामांच्या लेखी पोस्टरं हेच खरं काम, आणि जिनिंग ही मधल्या वेळची करमणूक. पोस्टरं जमवणारे लोक जगात पुष्कळ आहेत, पण ते गाजलेल्या सिनेमांच्या मागे. मामांची अट उलटी. सिनेमा पडलेला पाहिजे, आणि नुसता पडलेला नव्हे, आठवडासुद्धा पुरा न केलेला. छत्रपती संभाजीनगरच्या एका जुन्या मालाच्या व्यापाऱ्याने एकदा मोठ्या कौतुकाने पंचवीस आठवडे चाललेल्या सिनेमाचं पोस्टर त्यांच्यापुढे उलगडलं. मामांनी हातसुद्धा लावला नाही. "याला काय कमी हाये? याला सारी दुनिया विचारून राह्यली," म्हणाले आणि चप्पल घालून बाहेर पडले. तो व्यापारी अजूनही मला भेटला की विचारतो, "तुमचे मामा बरे आहेत ना?" आणि 'बरे' या शब्दावर जरा थांबतो.

पोस्टरं राहतात बोअरच्या पाईपांत. पाईपचे दोन-दोन हात लांब तुकडे, दोन्ही तोंडांना बूच, आत वाळलेला कडुलिंबाचा पाला, आणि सगळे पाईप पलंगाखाली ओळीने. आत्या पाहुण्यांना बजावते, "पाय जपून ठेवा, खाली नट्या झोपल्यात." कुणाच्या घरी गेलं तरी मामांची नजर यजमानाच्या चेहऱ्यावर ठरत नाही; ती फडताळातल्या आणि ट्रंकेच्या तळाच्या कागदांवर फिरत असते. माझ्या चुलतभावाच्या लग्नाची बोलणी करायला आम्ही अंतरवालीला गेलो होतो. बैठकीत मानपानावरून आवाज चढले होते, आणि मामा आत स्वयंपाकघरात गुडघ्यांवर बसून फळीवरचे डबे एकेक खाली उतरवत होते. डब्यांखाली एक पोस्टर अंथरलेलं त्यांना दारातूनच दिसलं होतं. ते त्यांनी सोडवलं, बाजारात जाऊन नवं मेणकापड आणलं, स्वतःच्या हातांनी अंथरलं आणि डबे होते तसे परत लावले. लग्न जमलं. ते मेणकापडामुळेच जमलं असं मामा आजही सांगतात. "घरात कामाचा माणूस हाये, हे पोरीच्या आईला दिसलं ना!"

यातला एकही सिनेमा मामांनी पाहिलेला नाही. मी कारण विचारलं तेव्हा ते दचकले. "पाह्यले असते, तर जमवले असते का?"

असा हा माणूस माझ्या दारात उभा राहिला तेव्हा मी पाच वर्षं पुण्यात स्पर्धा परीक्षा देऊन परतूरला परत आले होते. शेवटच्या यादीतही नाव नव्हतं. घरातली माणसं आजाऱ्याशी बोलावं तशी हळू बोलायची, गल्लीतली 'आता पुढं काय?' विचारायची, आणि मी भरदुपारी दार लावून पडून राहायची. मामांनी सायकल भिंतीला टेकवली आणि बाहेरूनच हाक मारली.

"तुला इंग्रजी वाचता येतं ना बराबर? मंग चल. माझं काम अडून राह्यलंय."

माझ्या दुःखाशी त्यांना काही कर्तव्य होतं, असं समजू नका. मुंबईत जुन्या पोस्टरांचा लिलाव होता, त्याचं इंग्रजीतलं जाडजूड सूचीपत्रक येऊन पडलं होतं, आणि ते ना मामांना वाचता येत होतं, ना आत्याला, एवढीच गोष्ट. मी रोज दुपारी जाऊन त्यांना ते वाचून दाखवू लागले. दहाव्या दिवशी, शेवटून दुसऱ्या पानावर, मामांनी माझं बोट घट्ट धरलं. बोटाखाली ज्याचं पोस्टर छापलं होतं, तो सिनेमा त्यांच्या तरुणपणी जालन्यात लागला होता आणि तिसऱ्या दिवशी उतरला होता. मामा पोस्टर मागायला टॉकीजवर पोचेपर्यंत त्याच्यावर दुसरं डकवून झालं होतं. "चालणाऱ्याचं पुन्हा छापतेत. याचं कोण छापणार?" ते म्हणाले. तेव्हापासून ते हेच पोस्टर शोधत होते. मी त्यांचा अर्ज भरला, फोनवर नाव नोंदवलं, तिकिटं काढली. घरातून बाहेर पडायला मला एवढं कारण पुरलं.

लिलावाच्या दालनात गारठा होता. मामांनी गळ्यातला रुमाल डोक्याला बांधला आणि बोलीसाठी वर करायची नंबराची पाटी मांडीवर उताणी ठेवून दिली. गाजलेली पोस्टरं लाखांवर गेली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मामा शांतपणे शेंगदाणे खात बसले. दुपारी त्यांचं पोस्टर पुकारलं गेलं आणि समोरच्या पडद्यावर दिसलं. मामांनी पाटी उचलली. कुणी स्पर्धेला असेल असं आम्हांला स्वप्नातही वाटलं नव्हतं, पण पुढच्या रांगेतून एक पाटी वर आली. पांढऱ्या केसांच्या एक बाई, मांडीवर काठी. मामांनी पुन्हा उचलली, त्यांनी पुन्हा. चार वेळा असं झालं. पाचव्या वेळी मामा थेट उभे राहिले.

"बाई, हा सिनेमा तीन दिवसांत पडल्ता. तुम्हाला कशाला पाह्यजे?"

सगळं दालन वळून बघू लागलं. मी त्यांचा सदरा ओढत होते. बाई सावकाश मागे वळल्या आणि म्हणाल्या, "त्यात मागे खिडकीत एक मुलगी उभी आहे. ती मी."

मामांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग पडद्यावरच्या पोस्टरकडे पाहिलं. "मंग घ्या," म्हणाले, आणि पाटी माझ्या पिशवीत टाकून खाली बसले. हातोडा पडला. बसल्यावर त्यांनी रुमाल सोडून डोळे पुसले आणि गारठ्याला दोष दिला.

नंतर बाहेर चहा घेताना त्यांनी बाईंना अख्ख्या सिनेमाची गोष्ट विचारली. बाईंनाही ती ठाऊक नव्हती. त्यांचं काम एकाच दिवसाचं होतं. "पडला, तवा वाईट वाटलं आसंल," मामा म्हणाले. बाई हसल्या. "पडला ते मला दोन महिन्यांनी कळलं. तोवर मी फार खूष होते. ते दोन महिने कुणी परत घेतले नाहीत."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आम्ही निघालो. मनमाड गेल्यावर मी एकाएकी बोलायला लागले. यादीतलं नाव शोधताना मी तीच तीच ओळ किती वेळा वाचली, खोलीवरच्या मैत्रिणीचं नाव होतं म्हणून तिला मिठी मारताना माझ्या मनात काय आलं, हे मी आईलाही सांगितलं नव्हतं. मामांनी उपदेश केला नाही. मी थांबले की ते फक्त "मंग?" म्हणायचे. जालना येईपर्यंत सगळं सांगून संपलं. "झालं?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "मला भूक लागली," ते म्हणाले. मलाही लागली होती, कितीतरी दिवसांनी.

आता मी जालन्यात एका बियाण्यांच्या कंपनीत नोकरी करते. रविवारी परतूरला जाते. साखरेच्या दुखण्यामुळे मामांची नजर अधू झाली आहे, म्हणून मी एकेक पोस्टर पलंगावर उलगडते, दोघं मिळून कडुलिंबाचा पाला बदलतो, आणि कुठल्या कोपऱ्यात काय आहे ते मी सांगते. रंग चुकला तर ते मला दुरुस्त करतात. गेल्या रविवारी मी धीर करून म्हणाले, "मामा, त्या वर्षी तुम्ही मला न्यायला आला नसतात, तर..."

"कोपरा धर नीट," ते म्हणाले. "जुना कागद हाये. फाटंल."

मी कोपरा नीट धरला.