पाद्रीचा डावा पंख

ग्लिगोर पिशवी घेऊन मासे विकत घ्यायला बाजारात आला, त्या दिवशी दोयरान गावात लोकांनी हातातली कामं टाकली. ज्या माणसाने चाळीस वर्षं तळ्यातून मासे काढून गावाला खाऊ घातले, तो आज सोतिरच्या टपरीपुढे रांगेत उभा. आणि सोतिर तरी कोण? याच ग्लिगोरचा जुना भागीदार. एका होडीत दोघांचे केस पिकले, आणि आता हा समुद्राचे गोठवलेले मासे ट्रकमधून उतरवून घेतो आणि तळ्याकाठच्या लोकांना विकतो. काळच असा आला, कोणाला बोल लावायचा.

"घरी पाहुणे का?" सोतिरने तराजू पुसत विचारलं.

"पाखरं आहेत. तुला माहीत आहे."

"माहीत आहे म्हणूनच विचारतो. लिंबू देऊ का सोबत? तुझ्या पाद्रीला लिंबाशिवाय उतरत नसेल."

रांगेतल्या बायका पदराआड हसाव्यात तशा डोक्याच्या रुमालाआड हसल्या. ग्लिगोर हसला नाही. त्याला हसायचाही कंटाळा आला होता. "स्वस्तातले दे," एवढंच म्हणाला आणि पिशवी पुढे केली.

आमच्या तळ्यावर हिवाळ्यात पाखरं मासे मारतात, माणूस नव्हे. पाण्यात बोरूच्या कुडांचा मोठा कोंडवाडा उभा करायचा, त्याला मंद्रा म्हणतात. थंडी पडली की उत्तरेकडून पाणकावळे आणि टिबुकल्या येतात. त्यांतली काही धरायची, डाव्या पंखाची मोठी पिसं छाटायची आणि बाहेरच्या खोल्यांत सोडायची. पाखरू बुड्या मारतं, मासे घाबरून आतल्या खोलीत घुसतात, की झाप लावून टाकायची. पाखरांचं पोट भरतं, माणसाचंही भरतं. वसंतात नवी पिसं आली की दार उघडायचं. दोन रीती मात्र पाळायच्या. पंख छाटलेलं पाखरू आपल्या हातून मरता कामा नये. आणि सोडलेलं पाखरू कुठल्या दिशेला गेलं ते बघायचं नाही, पाठ फिरवून उभं राहायचं. बघितलं की ते परत येत नाही, असं आमचे म्हातारे सांगायचे.

पण पाखरांचं काय घेऊन बसलात, इथे तळंच चाललं होतं. दर वर्षी पाणी काठापासून थोडं थोडं मागे सरे. अलीकडचे म्हणत, पलीकडच्या देशाचे पंप पाणी ओढतात. पलीकडचे म्हणत, तुमचेच ओढतात. तळं दोघांचंही ऐकेना. खोल पाणी उरलं ते तरंगत्या लाल पिंपांच्या पलीकडे. ही पिंपं म्हणजे सरहद्द. मासे तिकडे गेले, माशाला काही कोणी कागद विचारत नाही. आपल्या होडीने पिंप ओलांडलं की मात्र तिकडची गस्तीची बोट भोंगा वाजवत येई.

बाकीच्यांनी मंद्रा बांधणं सोडून दिलं. ग्लिगोरने त्या शरदातही बांधला, चिखल तुडवत पार पुढे जाऊन.

"नको बांधूस," त्याची बायको स्तामेना म्हणाली होती. तीही मासेमाराचीच लेक, तिला पाण्याचा रंग बघून कळायचं. "मासा नाही तिथे पाखरू काय करेल? चल शहरात, स्कोप्येला. आपल्या दाफिनाने खोली रिकामी करून ठेवली आहे. तिचं लेकरू शेजारणीच्या हाती वाढतंय, आणि आपण आजी-आजोबा इथे चिखल राखतोय."

"एवढा एक हिवाळा," ग्लिगोर म्हणाला, आणि त्याने सात पाखरं धरून छाटली. त्यातला थोराड पाणकावळा म्हणजे पाद्री. काळा झगा, मान ताठ, आणि खांबावर बसून पंख पसरले की आता सगळ्या तळ्याला आशीर्वाद देतो असं वाटावं.

नवं वर्ष लागेस्तोवर मंद्र्याखालचं पाणी निघून गेलं. गुडघाभर डबकं उरलं, भोवती चिखल, आणि त्यात ही सात पाखरं, उडता न येणारी. उघड्या पाण्यावर नेऊन सोडावीत, तर पिंपांपलीकडे शिकारीचा मोसम. बंदूक वाजल्यावर बाकीची उडतील, ही कुठे उडणार? झालं. ज्या पाखरांनी याला पोसायचं त्यांनाच हा पोसू लागला.

"पाखरं उडाली की जाऊ," त्याने स्तामेनाला शब्द दिला. "त्या दिवशी बोचकं बांध."

मग तो हिवाळा असा गेला की ग्लिगोर त्यात दहा वर्षांनी म्हातारा झाला. सकाळी चिखलावर टाकलेल्या फळ्यांवरून बादली घेऊन जायचं. बर्फ फोडायचं. पाद्रीला आधी द्यायचं, नाहीतर तो टिबुकल्यांना टोचायचा. परत येईस्तोवर पाय गारठून लाकूड व्हायचे, स्तामेना ते चुलीपाशी चोळायची आणि मडक्यातला घेवडा पुढे ठेवायची. दोघं बोलायची नाहीत. बोलण्यासारखं होतं ते एकच, आणि ते ठरलेलं होतं. सोतिरने पुढे पुढे पैसे घ्यायचं सोडलं. माशांची डोकी, आतडी एका डब्यात बाजूला ठेवायचा आणि म्हणायचा, "घेऊन जा रे बाबा, नाहीतर मांजरांना घालावी लागतात." चेष्टाही त्याने बंद केली. उलट तेच ग्लिगोरला जास्त लागायचं.

वसंत आला. टिबुकल्या आधी गेल्या, मग एकेक पाणकावळा. दर वेळी ग्लिगोर दार उघडून पाठ करून उभा राहिला आणि पाण्यावर पंख आपटल्याचा आवाज ऐकत राहिला. एकही मेलं नव्हतं. गावात कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण हसायचं लोकांनी थांबवलं. मे महिन्यात संत जॉर्जचा सण आला तेव्हा पाद्री एकटा उरला होता.

"याला वेळ लागतोय," ग्लिगोर म्हणाला. "वय झालं त्याचं."

स्तामेनाने बोचकी बांधली होती ती सोडून पांघरुणं परत बाहेर काढली. दाफिनाला कळवलं, अजून थोडे दिवस. आणखी थोडे दिवस गेले. मग एके सकाळी ग्लिगोरला ताप होता, म्हणून बादली घेऊन ती गेली.

पाद्री खांबावर पंख पसरून ऊन खात बसला होता. उजवा पंख हा एवढा लांब, काळाभोर. डावा आखूड. स्तामेना बादली खाली ठेवून बघत राहिली. छाटलेली जुनी पिसं विरविरीत होतात, टोकं फाटतात. ही टोकं सरळ होती, सुरीने भाकरी कापावी तशी. पिसं नवी होती. आली होती, आणि कोणीतरी पुन्हा कापली होती. ती फळीवर मटकन खाली बसली. एवढा राग तिला लग्नानंतर कधी आला नव्हता, आणि रागाबरोबर थकवाही असा आला की उठवेना. पाद्रीने बादलीत चोच घालून आपलं आपण खाल्लं.

घरी येऊन तिने ग्लिगोरच्या कोटाच्या खिशात हात घातला, कात्री काढली आणि त्याच्या पांघरुणावर ठेवली.

"किती वेळा?" तिने विचारलं.

"दोनदा," ग्लिगोर छताकडे बघत म्हणाला.

"मी बोचकं बांधते, सोडते, बांधते. लेकीला खोटं कळवते. आणि तू तिथे जाऊन त्या मुक्या जिवाची पिसं कापतोस?"

"मला जायचं नाही, स्तामेना. तिथे मी काय करू? गॅलरीत बसून गाड्या बघू?"

"मग तसं मला म्हणायचं. मी काय वाघ होते? बायकोला सांगायचं सोडून पाखराला कापायचं, हे कुठल्या रीतीत बसतं?"

"सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

"जाऊ, असंच म्हणाले असते," ती म्हणाली. "पण भांडलो असतो. भांडून गेलो असतो. आता मला भांडायचंही त्राण नाही."

ग्लिगोरने तोंड भिंतीकडे वळवलं. त्याचे खांदे हलायला लागले तेव्हा तिने पांघरूण वर ओढून दिलं. कात्री मात्र उचलून आपल्या कमरेला खोचली.

"पिसं येईस्तोवर थांबते," ती म्हणाली. "तुझ्यासाठी नाही. पाद्रीसाठी. छाटलेलं पाखरू टाकून जायचं नसतं, एवढं माझ्या बापानेही शिकवलं आहे मला."

उन्हाळ्यात डबकं आटलं, तेव्हा तिने पाद्रीला टोपलीत घालून अंगणात आणलं आणि अंजिराखाली अर्ध्या पिंपात पाणी भरून ठेवलं. महिनाभरात कोंबड्या त्याला भिऊन अंडी कुठेतरी भलतीकडेच घालायला लागल्या. सोतिरचा डबा आता तीच आणायची. रोज संध्याकाळी पाद्रीचा डावा पंख धरून बोटांनी पिसं मोजल्यासारखी चाचपायची. ग्लिगोर उंबऱ्यावर बसून बघायचा. एकदा म्हणाला, "हळू धर, तिथे दुखतं त्याला." "तुला बरं ठाऊक," ती म्हणाली, आणि पंख हळू धरला.

उन्हाळा सरता सरता पंख भरला. दोघं टोपली घेऊन, वाळलेला चिखल ओलांडून पाण्याच्या काठापर्यंत चालत गेली, वाटेत दोनदा बसली. मोडलेला मंद्रा मागे राहिला. टोपली उघडली. पाद्री थोडा वेळ नुसता उभा राहिला, मग धावत, पाणी आपटत उठला. ग्लिगोर पाठ फिरवून उभा होता.

"गेला?" त्याने विचारलं.

"गेला."

"पिंपांपलीकडे?"

"रीत मोडून विचारू नकोस," ती म्हणाली. तिने मात्र पाखरू दिसेनासं होईपर्यंत बघितलं होतं. ती काही त्याला परत बोलावणार नव्हती.

बस दुसऱ्या दिवशी सकाळची होती. सोतिर बोचकी चढवायला आला. कागदात गुंडाळलेला एक भाजलेला मासा तेवढा त्याने ग्लिगोरच्या हातात दिला. गाडी सुटल्यावर ग्लिगोरने कोटाचा खिसा चाचपला.

"कात्री कुठे ठेवलीस?"

"मंद्र्याच्या खांबावर ठेवून आले," स्तामेना म्हणाली. "तुझा काय भरवसा. दाफिनाच्या गॅलरीत कबुतरं येतात म्हणे."

ग्लिगोर हसला, त्या वर्षात पहिल्यांदा, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. रस्ता बराच वेळ तळ्याच्या काठाने जातो. स्तामेना खिडकीला नाक लावून बघत होती. तो आपल्या जागेवर तळ्याकडे पाठ करून बसला होता, आणि शेवटचं वळण संपेस्तोवर त्याने मान वळवली नाही.