टाकीवरची रांगोळी

ठमाबाईचं बिऱ्हाड संडासाच्या डोक्यावर होतं. हसू नका, खरंच सांगते. भिवंडीत कापड विणायच्या लूमच्या गाळ्यांमागे दहा सीटांचं सार्वजनिक शौचालय, त्यावर एक खोली, आणि जो शौचालय सांभाळेल त्याला ती खोली राहायला. नवरा गेल्यावर गणेशपुरीकडून आलेली ही बाई नऊ वर्षं तिथं राहत होती. खाली झाडू, फिनेल, डबे. वर लेक नेत्रा आणि तिची बारावीची पुस्तकं. परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. शौचालय चालू तोवर खोली, ते बंद झालं की खोली सोडायची, असं पहिल्याच दिवशी बजावलेलं.

आणि नेमकी आताच मागच्या मैल्याच्या टाकीवरची फरशी तडकली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. लूमवाले हात पुसून चिंध्या आत टाकतात, पाइप तुंबतो, टाकी भरून वर येते. ठमाबाई रोज कानीकपाळी ओरडायची, पण ऐकतंय कोण? सांगावं तर शौचालयाला कुलूप. न सांगावं तर पोरं त्या फरशीवर उड्या मारणार. दिवसभर ती झाडू घेऊन टाकीपाशी उभी, येणाऱ्याजाणाऱ्याला हाकलत. भाजी आणायलासुद्धा तिथून हलता येईना.

अशात पालिकेचा मुकादम केसरीनाथ निरोप घेऊन आला. "ठमाबाय, सोमवारी मोठं सायेब तपासनीला येनार हाय. चकाचक पायजे हां!"

बाईचं धाबं दणाणलं. मग तिला युक्ती सुचली. रांगोळीवर कुणी पाय देत नाही, शेंबडं पोरसुद्धा वळसा घालून जातं. रविवारी तिनं तड्यात सिमेंट चोपलं आणि सोमवारी सकाळी नेत्राला त्यावर भला मोठा मोर काढायला बसवलं.

"आई, टाकीवर कुणी रांगोळी काढतं का?"

"काढ गो, गप काढ!"

साहेब आले. नळ पाहिले, कड्या पाहिल्या, नाक न दाबता दहाही दारं उघडली. मागे आले आणि एकदम खूश! "वा! मोर कुणी काढला? या, सगळ्याजणी या, फोटो घेऊ."

झालं! ज्या मोरानं लोकांना लांब ठेवायचं, त्यानंच बोलावून घेतलं. साहेबांना बघायला जमलेल्या बायका पदर सावरत मोराच्या कडेकडेनं टाकीवर चढल्या. शेजारच्या चाळीतली चंद्रा आपल्या चार वर्षांच्या रीमाला घेऊन मधोमध. केसरीनाथनं मोबाइल धरला. "अजून जवल या!"

ठमाबाईलाही कडेला उभं केलं होतं; तिला पायाखालची फरशी दबल्यासारखी वाटली. वर खिडकीत नेत्रा हसत उभी होती. एवढा एक फोटो निघू दे, साहेब जातील, पोरीची परीक्षा होईल... ठमाबाईनं मधोमध उभ्या रीमाकडं पाहिलं.

"उतरा!" ती किंचाळली. "उतरा गो सगल्या, टाकी फुटलीय!" रीमाचं बखोट धरून तिनं खेचलं, बायका भराभर उतरल्या आणि ठमाबाईनं झाडूनं अख्खा मोर पुसून काढला. सिमेंट आत गेलं होतं. तडा बोट जाईल एवढा रुंद झाला होता.

साहेब ओरडले नाहीत. वाकून पाहिलं आणि म्हणाले, "सांगितलंत ते बरं केलंत. पण हे आत्ताच बंद करावं लागेल. या इमारतीची भिंत टाकीलाच टेकलीय, वरची खोलीही आजच खाली करा."

तासाभरात कुलूप पडलं. नेत्रानं पुस्तकं गोणीत भरली आणि आईनं पुढं केलेला हात झटकून गोणी स्वतःच उचलली. ठमाबाई बोचकं घेऊन रस्त्यावर आली. वाटलं, निदान चंद्रा तरी दोन शब्द बरे बोलेल. चंद्रा आलीही, कडेवर रीमा, हातात पाण्याचा डबा. कुलूप बघून तिचं टाळकं सरकलं.

"काय गो ठमाबाय, आता आम्ही जायचं कुठं?"

ठमाबाईनं बोचकं खाली ठेवलं. "मला काय विचारतेस, चंद्रा? उद्या सकाली मी पन तुज्यासंगं डबा घेऊनच निघनार हाय. कुठं जायचं, ते मला पन ठाव न्हाय."